दातांकडून हाडाकडे

प्रस्तावना

खालचा जबडा हे चेहऱ्याच्या सांगाड्यातले एकमेव हलणारे हाड. दोन्ही कानांच्या पुढे असलेल्या दोन सांध्यांवर ते तोललेले असते आणि एका बाजूचा सांधा हलला की दुसऱ्यालाही हलावेच लागते. हनुवटीच्या आतल्या बाजूला जिभेचे स्नायू त्याला बांधलेले असतात. खालचा ओठ त्याच्या आधाराने उभा राहतो. ओठाचा आणि हनुवटीचा स्पर्श ज्या नसेमुळे कळतो, ती नस त्याच्याच पोटातून जाते. घास चावणे, गिळणे, शब्द उच्चारणे, लाळ तोंडात धरून ठेवणे, झोपेत श्वासाची वाट मोकळी राखणे, अशा सगळ्या कामांत हे हाड गुंतलेले आहे. म्हणून आजाराने किंवा अपघाताने त्याचा तुकडा गेला की चेहऱ्याची रेषा तर बिघडतेच, शिवाय माणसाचे जेवण, बोलणे आणि चारचौघांत बसणे एकदमच अडते.

गेलेला जबडा शरीरातल्याच दुसऱ्या हाडातून पुन्हा कसा घडवतात आणि त्यावर इम्प्लांटच्या, म्हणजे हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या मुळांच्या, आधाराने दात कसे बसवतात, हे मराठी वाचकाला नीट समजावे म्हणून हे पुस्तक लिहिले. जखम भरली, हाड जुळले, एक्स-रे चांगला आला की काम झाले, असे मानण्याची सवय आमच्या क्षेत्रात फार काळ होती. ती सवय मला मान्य नाही. घरात शिजलेले अन्न चावून, घरच्यांबरोबर बसून रुग्ण जेवू लागला, त्याचे बोलणे परक्या माणसाला फोनवर समजू लागले, की पुनर्रचना पुरी झाली असे मी समजतो. तिथवर पोहोचायचे तर आराखड्याची सुरुवात दातांपासून करावी लागते. शेवटी दात कुठे येणार ते आधी ठरवायचे, त्यावरून इम्प्लांटची जागा, इम्प्लांटवरून हाडाची जागा, आणि ते हाड शरीराच्या कोणत्या भागातून घ्यायचे हे सर्वांत शेवटी. शस्त्रक्रियेच्या टेबलावर हात चालतात ते उलट्या क्रमाने, पण डोके चालायला हवे ते या क्रमाने. पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणामागे हाच आग्रह आहे.

आपल्याकडे जबडा जाण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे तोंडाचा कर्करोग. भारतीय पुरुषांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत तो पहिल्या क्रमांकावर आहे आणि त्याच्या मुळाशी प्रामुख्याने तंबाखू आहे. गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा, चुना लावून मळलेली चिमूट, दातांना लावायची मशेरी, ही त्याची घरोघरची रूपे. तंबाखूची गोळी तासन् तास गालफडात, खालच्या हिरडीला लागून धरली जाते. त्यामुळे पाश्चात्त्य देशांत जिभेचा आणि जिभेखालच्या भागाचा कर्करोग अधिक दिसतो, तर आपल्याकडे गाल आणि हिरडी यांच्या सांदीत गाठ उठते. तिथून हाड अगदी जवळ. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली, पण व्यसन संपले नाही, आणि आधी घेतलेल्या तंबाखूची किंमत पुढची अनेक वर्षे रुग्णालयांत मोजली जाणार आहे. जबड्याच्या पुनर्रचनेविषयी मराठीत लिहिण्याची निकड इथून येते.

कर्करोगाखेरीज इतर कारणेही आहेत. अमेलोब्लास्टोमा ही दात घडवणाऱ्या पेशींपासून उद्भवणारी गाठ. बहुतेकदा ती शरीरात इतरत्र पसरत नाही, पण हाड आतून पोखरत जाते आणि अर्धवट काढली तर पुन्हा वाढते. ती तरुण वयातही होते, म्हणजे नव्या जबड्याने पुढची चाळीस-पन्नास वर्षे काम द्यायचे असते. रस्त्यावरचे अपघात आणि बंदुकीच्या गोळ्या हे वेगळे कारण. किरणोपचारानंतर हाडाचा रक्तपुरवठा आटून ते मरते, हे आणखी एक.

औषधांमुळे होणाऱ्या हाडाच्या मृत्यूला तर एक विलक्षण इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात आगकाड्यांच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफा अंगावर घेणाऱ्या कामगारांचे जबडे सडत असत. लंडनमध्ये १८८८ साली काडेपेटी कारखान्यातल्या मुलींनी केलेल्या संपाने या हालांकडे जगाचे लक्ष वेधले आणि १९०६ च्या बर्न करारानंतर पांढरा फॉस्फरस हळूहळू हद्दपार झाला. २००३ साली अमेरिकन शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या अशाच उघड्या पडलेल्या, मेलेल्या हाडाची नोंद केली. हे रुग्ण हाडांत पसरलेल्या कर्करोगासाठी किंवा हाडे ठिसूळ झाल्यामुळे बिस्फॉस्फोनेट गटातली औषधे घेत होते. या औषधांच्या रेणूतही फॉस्फरस आहे. ही औषधे अनेकांना खरोखर उपयोगी पडतात आणि ती मनाने बंद करू नयेत. मात्र ती सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत आणि दाढ काढायच्या आधी दंतवैद्याला त्यांची कल्पना द्यावी, एवढी दक्षता कित्येक जबडे वाचवू शकते.

हाड किती गेले, यापेक्षा कुठले गेले हे अधिक महत्त्वाचे ठरते. कर्करोग हाडाच्या कडेलाच थांबला असेल तर जबड्याची वरची पट्टी काढून खालची कड शाबूत ठेवता येते. अशा वेळी जबड्याची कमान तुटत नाही आणि पुनर्रचनेचे ओझे पुष्कळ कमी होते. कमान आरपार कापावी लागली की चित्र बदलते. बाजूचा तुकडा गेला तर उरलेला जबडा कापलेल्या बाजूला सरकतो आणि वरच्या-खालच्या दातांची जुळणी मोडते. हनुवटीचा भाग गेला तर जिभेचा पुढचा आधार सुटून ती मागे घसरते, श्वास अडू शकतो, लाळ ओघळत राहते आणि चेहऱ्याचा खालचा तिसरा भाग आत जातो. कानापुढचा सांधाच गेला तर जबड्याला फिरण्याची खुंटी राहत नाही. म्हणून एकाच लांबीच्या तीन तुकड्यांसाठी तीन वेगवेगळ्या योजना कराव्या लागतात. बाजूचा लहान तुकडा गेला असेल तर वयस्क, थकलेल्या रुग्णाला साध्या उपायावर निभावता येईल, पण हनुवटी हाडाशिवाय सोडणे जवळजवळ कधीच योग्य नाही.

या शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास पहिल्या महायुद्धात घडला. खंदकातून डोके वर काढताच गोळी लागे आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी चेहरे फाटत. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या हॅरॉल्ड गिलीज यांनी लंडनजवळच्या सिडकप इथे १९१७ मध्ये सुरू झालेल्या क्वीन्स हॉस्पिटलात अशा हजारो सैनिकांवर उपचार केले. त्यांच्या शेजारी दंतशल्यचिकित्सक विल्यम केल्सी फ्राय उभे असत, ही गोष्ट मला या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. गिलीज त्वचा आणि मांस पाहत, फ्राय हाड आणि दात. दातांची जुळणी टिकवण्यासाठी तारा आणि पट्ट्या बांधल्याशिवाय चेहरा शिवायला घेऊ नये, हा धडा तेव्हाच मिळाला होता. पुढे शाखा वेगळ्या झाल्या, विभाग वेगळे झाले, आणि हा धडा बराच काळ विस्मरणात गेला.

त्या काळी नडगीचा, बरगडीचा किंवा कमरेच्या हाडाचा तुकडा कापून जबड्याच्या खिंडारात ठेवत. असा सुटा तुकडा आधी स्वतः जिवंत नसतो. आजूबाजूच्या मांसातून त्यात रक्तवाहिन्या शिरतात, जुने हाड झिजते आणि त्याच्या सांगाड्यावर नवे तयार होते. खिंडार लहान असेल, जखम स्वच्छ असेल आणि भोवतालचे मांस निरोगी असेल तर ही पद्धत आजही उत्तम काम करते. साधारण सहा सेंटिमीटरच्या पलीकडे मात्र तिचा भरवसा झपाट्याने घटतो. तोंडातली लाळ जखमेत झिरपली तर जंतुसंसर्ग होतो, आणि किरणोपचार झालेल्या जागी तर रक्तच पुरेसे पोहोचत नाही. कर्करोगाच्या रुग्णांत या अडचणी एकत्रच येतात.

उत्तर एकच होते : हाड त्याच्या रक्तपुरवठ्यासकट आणायचे. ऊतक रक्ताशी जोडलेले राहिले तर दुसऱ्या जागी जगते, हे तत्त्व आपल्या भूमीच्या जुन्या परिचयाचे आहे. पुण्यात कपाळाची त्वचा एका टोकाला जोडलेली ठेवून खाली वळवून नाक घडवल्याचे वर्णन लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आले आणि युरोपातल्या शल्यचिकित्सकांनी त्यावरून प्रेरणा घेतली. १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी देशातला पहिला स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग उभा केला. पण कपाळाची त्वचा नाकापर्यंत वळवता येते, पायाचे हाड तोंडापर्यंत वळवता येत नाही. ते पूर्ण तोडून, एक-दोन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडल्याशिवाय इलाज नव्हता. मुळांभोवतीच्या मातीसकट उचललेले रोप नव्या जागी लगेच धरते, तसे हे हाड पहिल्या दिवसापासून जिवंत असते, आणि म्हणूनच किरणोपचाराच्या जमिनीतही टिकते.

मेलबर्नचे इयन टेलर यांनी पायातले फिब्युला हे हाड अशा रीतीने हलवल्याची नोंद १९७५ साली प्रसिद्ध केली. ते त्यांनी दुसऱ्या पायाच्या नडगीसाठी वापरले होते. न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातले डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ साली याच हाडातून जबडा घडवण्याची पद्धत मांडली आणि तिथून या क्षेत्राची दिशा बदलली. फिब्युला म्हणजे नडगीच्या बाहेरच्या बाजूचे सडपातळ हाड. शरीराचे फारच थोडे वजन त्यावर असते. घोट्याचा आधार राहावा म्हणून खाली आणि गुडघ्याजवळची नस जपावी म्हणून वर, असे सहा ते आठ सेंटिमीटर सोडून मधला सुमारे २५ सेंटिमीटरपर्यंतचा भाग घेता येतो. म्हणजे जवळजवळ पूर्ण जबड्याला पुरेल इतका. त्यासोबत वरच्या त्वचेचा तुकडा आणता येतो आणि त्याने तोंडाच्या आतले अस्तर भरून निघते. डोक्याशी एक चमू कर्करोग काढत असताना पायाशी दुसरा चमू हाड मोकळे करू शकतो, हीही मोठी सोय. सरळ हाडाला जागोजागी पाचरीच्या आकाराचे छेद देऊन जबड्याची कमान तयार करतात आणि टायटॅनियमच्या प्लेट-स्क्रूंनी ती पक्की करतात. आठ ते बारा तासांचे हे काम असते. पुढचे दोन-तीन दिवस परिचारिका दर तासाला त्या त्वचेचा रंग, ऊब आणि आतला रक्तप्रवाह तपासत राहतात, कारण वाहिनीत गुठळी झाल्याचे वेळीच कळले तर पुन्हा शस्त्रक्रिया करून फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट आणलेला हा भाग, वाचवता येतो. सराव असलेल्या केंद्रांत शंभरांतले सुमारे पंचाण्णव फ्लॅप जगतात.

फिब्युला सर्वांसाठी नाही. ज्यांच्या पायांच्या धमन्या आजाराने अरुंद झाल्या आहेत किंवा ज्यांच्या पावलाला जन्मतःच मुख्यतः फिब्युलाजवळच्याच धमनीतून रक्त जाते, त्यांचे हे हाड घेतले तर पाय धोक्यात येतो. म्हणून आधी पायांची अँजिओग्राफी करून घेणे चांगले. अशांसाठी खांद्याच्या पात्याची कड किंवा कमरेचे हाड असते. कमरेच्या हाडाची उंची नैसर्गिक जबड्याच्या जवळ जाते आणि इम्प्लांटसाठी ते फार चांगले, पण चालताना दुखण्याचा त्रास पुष्कळ दिवस राहू शकतो. फिब्युलाची उंची साधारण दीड सेंटिमीटर, तर दात असलेल्या जबड्याची त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे तरुण रुग्णात कधी फिब्युला दुमडून दोन थर एकमेकांवर रचतात. कोणते हाड निवडायचे या प्रश्नाचे उत्तर दातांच्या आराखड्यातून येते, असे मी वर म्हटले ते याच अर्थाने.

आता दुसरा धागा, इम्प्लांटचा. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात लुंड इथे सशाच्या हाडात टायटॅनियमचे कक्ष बसवून रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. प्रयोग संपल्यावर ते कक्ष निघेनात, कारण हाड टायटॅनियमला थेट चिकटून वाढले होते. या निरीक्षणावर त्यांनी पुढची वर्षे घालवली आणि १९६५ साली गोथेनबर्गमध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसवली. त्या रुग्णाचा खालचा जबडा जन्मतःच सदोष होता. त्याने ते दात चाळीस वर्षांहून अधिक काळ, मृत्यूपर्यंत वापरले. जगाने मात्र हे काम १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतरच खऱ्या अर्थाने स्वीकारले. रक्तपुरवठ्यासह आणलेले हाड आणि हाडाशी एकजीव होणारे टायटॅनियम हे दोन्ही शोध १९८० च्या दशकाच्या अखेरीस एकत्र आले, आणि नव्या जबड्यावर घट्ट दात उभे करणे शक्य झाले.

घट्ट दातांची गरज का, हे समजून घेतले पाहिजे. सामान्य कवळीला हिरडीची कड, गाल आणि जीभ धरून ठेवतात. नव्या जबड्यावर हिरडीची कड नसते, पायाची जाड, हलणारी त्वचा असते, ओठ-गालाची संवेदना गेलेली असते. तिथे कवळी ठरत नाही. दीड सेंटिमीटर उंचीच्या फिब्युलात मात्र इम्प्लांटला वरचे आणि खालचे असे दोन्ही कठीण थर पकडता येतात आणि तीन ते सहा महिन्यांत ते पक्के होतात. पायाची त्वचा इम्प्लांटभोवती नीट बसत नाही, तिथे सूज येत राहते. म्हणून ती पातळ करून किंवा टाळूवरचे अस्तर लावून भोवतालची जागा तयार करावी लागते. हे छोटे, दुसऱ्या टप्प्याचे काम वगळले तर पहिल्या टप्प्याचे मोठे कामही वाया जाऊ शकते.

सर्वांत नाजूक प्रश्न किरणोपचारांचा. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर शक्यतो सहा आठवड्यांत ते सुरू करायचे असतात, आणि त्यानंतर हाडाची भरून येण्याची ताकद कायमची कमी होते. इम्प्लांट पहिल्याच शस्त्रक्रियेत बसवले तर किरणांपूर्वी त्यांना रुजायला काही आठवडे मिळतात. नंतर बसवायचे ठरले तर किमान सहा महिने, पुष्कळदा वर्षभर थांबावे लागते, आणि त्या काळात बरेच रुग्ण थकून दातांचा नाद सोडतात. दुसरीकडे, आजार पुन्हा उद्भवण्याची भीती मोठी असलेल्या रुग्णात घाई शहाणपणाची नसते. किरणोपचार झालेल्या जबड्यात दात काढण्यापूर्वी किंवा इम्प्लांटपूर्वी दाबाखालचा प्राणवायू देण्याची प्रथा अनेक वर्षे होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या होपॉन या चाचणीत त्याचा प्रतिबंधक फायदा दिसला नाही. आवडत्या समजुती तपासून पाहाव्या लागतात, हे आमच्या क्षेत्राने यातून शिकायला हवे.

दातांकडून मागे विचार करण्याला संगणकाने मोठे बळ दिले आहे. रुग्णाच्या जबड्याचा आणि पायाचा सीटी स्कॅन एकत्र घेऊन पडद्यावर आधी दात रचतात, मग इम्प्लांट, मग हाडाचे तुकडे. हाड नेमके कुठे कापायचे ते दाखवणारे साचे छापून घेतात. स्वित्झर्लंडचे डेनिस रोनर यांनी दोन टप्प्यांची पद्धत रूढ केली : हाड पायातच असताना त्यात इम्प्लांट बसवायचे, ते रुजले की दातांसह जबड्यात न्यायचे. २०१३ साली न्यू यॉर्कच्या शल्यचिकित्सकांनी हाड, इम्प्लांट आणि तात्पुरते दात एकाच दिवसात बसवल्याचे प्रसिद्ध केले. अमेलोब्लास्टोमासारख्या गाठींत, जिथे कापण्याची हद्द आधी नक्की ठरवता येते आणि किरणोपचार लागत नाहीत, तिथे ही पद्धत शोभते. कर्करोगात हद्द टेबलावर बदलू शकते. छापलेला साचा सुंदर आहे म्हणून गाठीची कड तोकडी कापणे हा अक्षम्य अपराध ठरेल.

त्याही पलीकडचे प्रयोग झाले आहेत. जर्मनीतल्या कील इथल्या चमूने २००४ मध्ये एका रुग्णासाठी टायटॅनियमच्या जाळीत हाडाचे खनिज, हाडवाढीचे प्रथिन आणि त्याचीच अस्थिमज्जा भरून ती त्याच्या पाठीच्या स्नायूत सात आठवडे वाढवली आणि मग जबड्यात बसवली. २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये ८३ वर्षांच्या एका बाईंना लेझरने टायटॅनियमची पूड वितळवून छापलेला पूर्ण खालचा जबडा बसवला, त्याचे वजन १०७ ग्रॅम होते. बातम्यांत हे सारे झळकते तेव्हा रुग्ण विचारतात, आमच्यासाठी हेच का नाही. याचे उत्तर पुस्तकात सविस्तर आहे. थोडक्यात सांगायचे तर निव्वळ धातू तोंडातल्या जंतूंपुढे आणि किरणांनी आटलेल्या मांसाखाली टिकत नाही. तो आज ना उद्या त्वचेतून बाहेर डोकावतो किंवा वाकून-वाकून तुटतो. नुसत्या प्लेटवर निभावलेल्या जबड्यांचा जगभरचा अनुभव हाच आहे.

भारतातले वास्तव वेगळ्या कारणाने कठीण आहे. मोठ्या रुग्णालयांत एका दिवसात इतके रुग्ण रांगेत असतात, की बारा तासांची शस्त्रक्रिया प्रत्येकाला देता येत नाही. म्हणून स्टीफन एरियन यांनी १९७९ मध्ये वर्णन केलेला छातीच्या स्नायूचा फ्लॅप आपल्याकडे आजही मोठा आधार आहे. तो जखम झाकतो, जीव वाचवतो, पण त्यात हाड नसते. त्याशिवाय सुपारीमुळे गालाचे अस्तर ताठ होऊन अनेकांचे तोंड आधीच नीट उघडत नाही. एरवी नीट उघडणारे तोंड दोन बोटेही आत घेईनासे झाले, तर इम्प्लांटचे यंत्र आत जाणार कसे? त्यासाठी शस्त्रक्रियेनंतर लगेच तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू करावे लागतात आणि ते महिनोन्‌महिने नेटाने करावे लागतात. सर्वांत खटकणारी बाब म्हणजे दातांकडे चैन म्हणून पाहिले जाते. जबडा बसवून दिला, आता दात नंतर बघू, असे म्हटले जाते, आणि ते ‘नंतर’ बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. पातळ पेज, भिजवलेली पोळी, मिक्सरमधून काढलेली भाजी यांवर माणूस जगतो, पण लग्नाच्या पंगतीत जायचे टाळतो.

पुनर्रचना अपयशी ठरते तेव्हा काय होते, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकन चित्रपट समीक्षक रॉजर इबर्ट यांचा खालचा जबडा २००६ मध्ये कर्करोगामुळे गेला. तो पुन्हा उभा करण्याचे प्रयत्न शरीराच्या निरनिराळ्या भागांतले ऊतक वापरूनही फसले आणि २०१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांना तोंडाने खाता, पिता किंवा बोलता आले नाही. त्यांनी लिहिणे मात्र सोडले नाही. २०१० मध्ये त्यांनी लिहिले, की त्यांना अन्नाची उणीव फारशी भासत नाही, उणीव भासते ती जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांची आणि सोबतीची. जबडा गेलेल्या माणसाने स्वतः सांगितलेले हे सत्य प्रत्येक शल्यचिकित्सकाने मनाशी धरावे. त्यांच्या धैर्याविषयी मला अपार आदर आहे, आणि त्यांच्या अनुभवातून हेही कळते, की उत्तम रुग्णालय आणि कुशल हात असूनही यशाची हमी देता येत नाही. म्हणून पायाच्या जखमेचा त्रास, पायाच्या अंगठ्यातली दुर्बलता, फ्लॅप मरण्याची शक्यता, तंबाखू चालू ठेवल्यास इम्प्लांट गमावण्याचा धोका, या कशावरही या पुस्तकात पांघरूण घातलेले नाही.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात जबड्याची रचना, त्याचे आजार आणि किती हाड काढायचे याचा निर्णय. दुसऱ्यात हाड कुठून घ्यायचे, सुटे की रक्तपुरवठ्यासह, आणि प्लेटची मर्यादा. तिसऱ्यात इम्प्लांट, किरणोपचार आणि दातांची बांधणी. चौथा भाग घरच्यांसाठी आहे : नाकातली नळी, गळ्यातली श्वासाची नळी, तोंड उघडण्याचे व्यायाम, बोलण्याचे प्रशिक्षण, आहार, आणि आरशासमोर उभे राहण्याचे धैर्य. दंत आणि वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांनी पहिले तीन भाग क्रमाने वाचावेत. रुग्णाने आणि नातेवाइकांनी चौथ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी चौथ्या भागात वेगळी टिपणे आहेत, कारण फ्लॅप जगतो तो बऱ्याचदा रात्री तीन वाजता त्याचा रंग पाहणाऱ्या परिचारिकेमुळे. चेहरा, भीती आणि प्रश्न माझ्यापुढे मोकळेपणाने मांडणाऱ्या रुग्णांचे ऋण मी मानतो. त्यांच्या प्रश्नांनीच या पुस्तकाची प्रकरणे ठरली.

शस्त्रक्रियेचा दिवस ठरण्याआधी प्रत्येक रुग्णाने आपल्या डॉक्टरांना काही गोष्टी विचाराव्यात. माझ्या जबड्याची कमान तुटणार आहे का? ती जोडायला हाड वापरणार की नुसती प्लेट? त्या हाडात पुढे इम्प्लांट बसतील अशी योजना आहे का, आणि दात बसवणारे डॉक्टर या चर्चेत आजच सहभागी आहेत का? किरणोपचार लागले तर इम्प्लांट केव्हा? हे प्रश्न विचारणारा रुग्ण उद्धट नसतो. त्याच्या तोंडाबद्दलचा निर्णय त्याच्या समक्ष आणि त्याला समजेल अशा भाषेत व्हायला हवा. पुढची पाने ती भाषा त्याच्या हाती देण्यासाठी लिहिली आहेत.